कन्सेप्ट कुठून आणायचा? : डिझाईन स्टुडिओबद्दल तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांनी स्टुडिओच्या प्रोजेक्टबद्दल प्रश्न पाठवावेत असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर मुलांबरोबर पालकांचीही पत्रं आली. सगळी छापणं शक्य नाही. जी उत्तरं बाकीच्यांनाही उपयोगी पडतील अशी पाच निवडलीत. मी प्रॅक्टिस करते आणि शिकवतेही, त्यामुळे ज्युरीच्या, म्हणजे प्रोजेक्ट तपासणाऱ्या परीक्षकांच्या, टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहिती आहेत.

प्रश्न : मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे. या सेमला आम्हाला जत तालुक्याचं एसटी स्टँड डिझाईन करायचंय. मी फुलपाखरू हा कन्सेप्ट (डिझाईनची मूळ कल्पना) घेतला, कारण प्रवास म्हणजे बदल, सुरवंटाचं फुलपाखरू होतं तसं. दोन पंखांचं छप्पर केलं, मॉडेलही छान झालं. पण ज्युरीत विचारलं की प्लॅनमध्ये फुलपाखरू कुठे आहे आणि टॉयलेट शेपटीत का आहेत, तर मला काहीच बोलता आलं नाही. आता गाइड म्हणतात कन्सेप्ट बदल. नवीन कन्सेप्ट कसा शोधू? – तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सांगली

अगं, नवीन प्राणी शोधू नकोस, एवढं पहिलं. तू मेहनत घेतलीस हे दिसतंय, पण तुझ्या फुलपाखराने फक्त छप्पर ठरवलं आणि मग ते थांबलं. टॉयलेट कुठे, चौकशीची खिडकी कुठे, रिक्षा कुठून येणार हे त्याला सांगता येईना, मग ते सगळं उरलेल्या जागेत बसवावं लागलं आणि ज्युरीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. माझ्या मते कन्सेप्टचं काम ठरवणं हे आहे. दोन पर्याय समोर असले की त्याने एक निवडून दिला पाहिजे आणि दुसरा फेकून द्यायची हिंमतही दिली पाहिजे.

आता जत. तू तिथे एकदा साईट व्हिजिटला जाऊन फोटो काढून आली असशील, तेवढं पुरत नाही. सकाळच्या पहिल्या गाड्या सुटतात तेव्हापासून संध्याकाळी कॉलेजची मुलं परततात तोपर्यंत तिथे बसून राहा, आणि ट्रेसिंग पेपरवर फक्त लोकांच्या वाटा काढ, बिल्डिंग काढूच नकोस. पिशवी घेतलेली म्हातारी कुठून आत येते, बोर्ड वाचायला कुठे थांबते, कुणाला विचारते, गाडी लागली की कुठून पळते. एसटीची गाडी ११-१२ मीटर लांब, ती फलाटाला तोंड लावून उभी राहते आणि निघताना रिव्हर्स घेते, आणि त्या रिव्हर्सच्या जागेतूनच लोक शॉर्टकट मारतात, हे तू कुठल्याही स्टँडवर बघशील. जतचं अजून एक, तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून, पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड बोलतात, म्हणजे पाटी वाचणारा माणूस दोन भाषांतला आहे, आणि ज्याला वाचताच येत नाही तो तिसरा. आणि ऊन. जिल्हा एकच पण शिराळ्यात धो-धो पाऊस आणि जत दुष्काळी, त्यामुळे शिराळ्याला चालेल ते छप्पर जतला चालणार नाही, इथे सावली आणि वारा ही पहिली गरज.

हे सगळं बघितल्यावर एक वाक्य लिही. उदाहरण म्हणून मी एक देते, पण तू तुझं काढ : "आत आलेल्या माणसाला एका जागी उभं राहून सगळे फलाट दिसले पाहिजेत." साधं वाक्य आहे, त्यात कविता नाही, पण बघ ते काय काय ठरवतं. फलाट सरळ लांब रेषेत ठेवले तर शेवटचा दिसत नाही, मग ते हलक्या वळणात आले. वळणाच्या आतल्या बाजूला माणसं, बाहेरच्या बाजूला गाड्या, म्हणजे दोघांच्या वाटा आपोआप वेगळ्या झाल्या आणि बाजाराकडून येणाऱ्याला गाड्यांच्या आवारात पाऊलच टाकावं लागत नाही. मध्ये भिंत चालणार नाही, खांब कमी हवेत, मग छपराचा स्पॅन (दोन खांबांतलं अंतर) मोठा, मग ट्रस (लोखंडी कैची) लागणार, मग ट्रसच्या वरून गरम हवा बाहेर काढायला जागा मिळाली. चौकशीची खिडकी वळणाच्या केंद्राजवळ. टॉयलेट आणि हिरकणी कक्ष फलाट बघणाऱ्या नजरेला अडवणार नाहीत अशा टोकाला, पण पश्चिमेकडे, म्हणजे त्यांच्या भिंतीच बाकीच्या हॉलला दुपारच्या उन्हापासून वाचवतात. आता ज्युरीने काहीही विचारलं तरी तुझ्याकडे उत्तर आहे, कारण प्रत्येक गोष्ट त्या एका वाक्यातून आलीये.

वाक्य चांगलं आहे का हे तपासायची माझी एकच पद्धत. "कनेक्टिव्हिटी", "जुन्या-नव्याचा संगम", "निसर्गाशी नातं" असली वाक्यं कुठल्याही बिल्डिंगला लागू पडतात, मग ती तुझ्या स्टँडला काही सांगत नाहीत. जे वाक्य शिराळ्याच्या स्टँडला जसंच्या तसं बसणार नाही ते जतचं.

प्रश्न : माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. त्यांना "आपल्या भागातलं घर" असा प्रोजेक्ट दिलाय आणि ती म्हणते मी माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर असलेलं, घर हा कन्सेप्ट घेणार. आम्ही औसा तालुक्यातले. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडे कुणी माळवद नाव काढत नाही. आता तेच शिक्षण म्हणून परत करायचं? तिला सांगावं की नको हे कळत नाही. – एक पालक, लातूर जिल्हा

तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली आणि त्यातली बहुतेक स्वतःच्या घराखाली गेली. हे ज्या घरात घडलंय किंवा ज्यांनी ऐकलंय त्यांना कुणी "पारंपरिक वास्तुकला" म्हणून ती भिंत परत दाखवू नये असंच वाटणार. तेव्हा तिला सांगा, नक्की सांगा. पण नको म्हणून सांगू नका, काय झालं होतं ते सांगा, कारण तिच्या प्रोजेक्टचा खरा विषय तिथेच आहे.

तांत्रिक बाजू अशी की त्या भिंती रुंद होत्या, दोन-अडीच फूट आणि काही ठिकाणी त्याहून जास्त, पण दगड बरेचसे न घडवलेले आणि मातीत बसवलेले. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर, दोघांना बांधणारे आरपार दगड फार कमी, मध्ये भर. वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, वर्षानुवर्षं गळती थांबवायला अजून माती टाकत गेलेले, म्हणजे वजन वाढतच गेलं. जमीन हलली तसे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, आणि वरचं सगळं खाली आलं. दोष दगडाचा नव्हता, बांधणीत धरून ठेवणारं काही नव्हतं. त्याच दगडाच्या भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार दगड दिले, जोत्याला, लिंटेलला (दार-खिडकीच्या वरच्या कडेला) आणि छपराच्या पातळीला काँक्रीटचे पट्टे सगळ्या भिंतींवरून अखंड फिरवले, कोपऱ्यात उभ्या सळया दिल्या आणि वरचं वजन कमी केलं तर ती भिंत भूकंपात खूप वेगळी वागते. हे दुसऱ्या वर्षाच्या मुलीला समजू शकतं आणि समजलंच पाहिजे.

आता माळवदात चांगलं काय होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. मे महिन्यात दुपारी आत गारवा असायचा. रात्री सगळं घर वर झोपायला जायचं, पापड-कुरडया वर वाळायच्या, शेजारच्या माळवदावरच्या बाईशी तिथूनच बोलणं व्हायचं. हे राहणं म्हणजे तिचा कन्सेप्ट होऊ शकतो, मातीचा थर व्हायला पाहिजे असं नाही. म्हणजे तिचं वाक्य साधारण असं होईल की "रात्रीचं घर वर आणि दुपारचं घर खाली, आणि दोन्हीला जोडणारा जिना घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही चढता येईल." मग जिना महत्त्वाचा झाला, १५ सेंटीमीटरची पायरी आणि ३० सेंटीमीटरचा पाय ठेवायला भाग, कठडा, अर्ध्यावर टेकायला जागा. गच्चीला आडोसा हवा पण वारा अडायला नको. खाली जाड भिंतीचं काम कदाचित पोकळ भिंत करेल. हे माळवदाचंच घर आहे आणि तुम्ही त्यात निर्धास्त झोपू शकता.

अजून एक, भूकंपानंतर वसवलेल्या गावांत सरळ रस्ते आणि आखलेले प्लॉट आले, आणि लोकांनी नंतर स्वतःच पुढे ओटा काढला, बाजूला गोठा केला, पत्रा टाकला. तिला घेऊन अशा एखाद्या गावात जा. लोकांनी काय वाढवलं ते तिला वहीत काढू दे. कुठल्याही पुस्तकातल्या केस स्टडीपेक्षा तिला ते जास्त शिकवेल, आणि तुम्ही बरोबर असाल तर लोक बोलतीलही.

प्रश्न : केस स्टडी आणि कॉपी यात फरक काय? मी हाउसिंगसाठी मुंबईची कांचनजंगा इमारत आणि बेलापूरची वसाहत घेतली होती, डिझाईनमध्ये कोपऱ्यातल्या डबल हाइट टेरेस टाकल्या तर सर म्हणाले ही चोरी आहे. मग केस स्टडी करायचीच कशाला? – चौथं वर्ष, नवी मुंबई

चिडलायस, ते बरोबरही आहे, कारण केस स्टडीच्या शीटवर काय काढायचं हे कुणी नीट सांगतच नाही. फोटो, आर्किटेक्टचं नाव, एरिया, साल, दोन प्लॅन, झालं. त्यातून हातात फक्त आकार येतो आणि मग तोच आकार डिझाईनमध्ये जातो.

कांचनजंगा घे. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, १९८३ ला पूर्ण झाली, २८ मजले, ३२ फ्लॅट. मुंबईत अडचण अशी की समुद्राचा वारा पश्चिमेकडून, चांगला देखावाही पूर्व-पश्चिमेलाच, पण दुपारचं कडक ऊन आणि पावसाचा मारा याच बाजूंनी. जुन्या बंगल्यांनी यावर उत्तर काढलं होतं, राहायच्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवायचा, ऊन-पाऊस व्हरांड्याने झेलायचा आणि खोली सुरक्षित. कोरियांनी तो व्हरांडा उंच इमारतीत नेला, आणि दोन मजली उंचीची कोपऱ्यातली बाग झाली. आता तुझ्या प्रोजेक्टला विचार की तुझी साईट कुठल्या तोंडाची, आजूबाजूला किती उंच बिल्डिंगा, वारा तुझ्यापर्यंत येतो तरी का. येत नसेल तर तुझ्या टेरेसला काही काम नाही, तो नुसता महाग कोपरा आहे, सरांना बहुतेक हेच म्हणायचं होतं, शब्द कडक वापरले.

बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजचंही तसंच. तुला घरांचे आकार आवडले असतील, पण घेण्यासारखी गोष्ट मोजणीत आहे. सात घरांचा एक गट, मध्ये साधारण ८ बाय ८ मीटरचं अंगण, असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांच्यात अंदाजे १२ बाय १२ चा मोठा चौक, आणि असंच मोठं मोठं होत जातं. आणि दोन घरांची भिंत सामायिक नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता आपलं घर वाढवता येतं. लोकांनी वाढवलंही, बरीच घरं पाडून नवीन बांधली, मूळ घर ओळखू येत नाही, आणि तरी ती अंगणं बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. तू नवी मुंबईतच राहतोस, जाऊन बघ, टेप घेऊन जा. मला विचारशील तर त्या प्रोजेक्टचा खरा कन्सेप्ट त्या रिकाम्या चौकांत आहे.

तर केस स्टडीच्या शीटवर अडचण काय होती, निर्णय काय घेतला आणि आज तो कसा वापरला जातोय, हे लिही. यातला निर्णय उचलून तुझ्या अडचणीला लाव. आकार वेगळाच येईल.

प्रश्न : नागपूरला छोटी लायब्ररी आहे प्रोजेक्टला. मला क्लायमेट हाच कन्सेप्ट ठेवायचाय पण ज्युरी म्हणते क्लायमेट तर सगळेच बघतात, यात कन्सेप्ट काय? – दुसरं वर्ष, नागपूर

ज्युरीचं अर्धं बरोबर आहे. "क्लायमेट रिस्पॉन्सिव्ह" एवढंच लिहिलं तर ते काहीच सांगत नाही. आकड्यात जा म्हणजे डिझाईन सुरू होईल. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे डिसेंबरात दुपारी १२ ला सूर्य दक्षिणेला सुमारे ४५ अंशांवर, आणि मे अखेरीस अगदी डोक्यावर. दक्षिणेची खिडकी दीड मीटर उंच असेल तर मार्चच्या २१ तारखेच्या भर दुपारी तिला पूर्ण सावली द्यायला साधारण ६० सेंटीमीटरचा छज्जा पुरतो, आणि थंडीत तोच छज्जा खालून ऊन आत येऊ देतो, जे नागपूरच्या जानेवारीत हवंच असतं. पश्चिमेला मात्र कितीही छज्जा काढ, चारचं ऊन त्याच्या खालून आत येणार, तिथे खिडकीच नको, पुस्तकांचे स्टॅक, जिना, टॉयलेट तिकडे ठेव. उत्तरेचा उजेड वाचायला सगळ्यात चांगला, पण जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो, त्यामुळे सकाळी-संध्याकाळी तिरकं ऊन तिथेही येतं, त्याला उभ्या फिन्स (खिडकीबाहेरच्या पट्ट्या) दे.

आणि मग यातून माणसाचं काहीतरी काढ. समजा "वाचणारा माणूस ऋतूप्रमाणे जागा बदलतो" असं ठरवलंस, डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीत, मे महिन्यात आतल्या चौकाच्या कडेला, आणि टेबलं, प्लग पॉइंट, दिवे सगळे तसे लावले, तर ज्युरीला हा कन्सेप्ट दिसेल. सेक्शन (बिल्डिंगचा उभा छेद) मोठ्या स्केलला काढ, १:५० ला, दोन ऋतूंचे दोन.

प्रश्न : थिसिससाठी वारीचा विषय घेतलाय, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाल्हे मुक्कामाला वारकरी निवास. वीणेच्या आकाराचा प्लॅन केलाय, २००० लोकांची सोय. गाइड म्हणतात स्कोप चुकलाय. वारीवर कन्सेप्ट म्हणून वीणा का चालत नाही? शिवाय एक मित्र म्हणतो एआयने इमेज काढून घे, व्ह्यू भारी येतात. – शेवटचं वर्ष, पुणे

विषय मनापासून घेतलायस हे तुझ्या पूर्ण पत्रात दिसतंय, म्हणून स्पष्ट लिहिते. वीणा वरून, ड्रोनमधूनच दिसेल. दिंडीत चालणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही, त्याला दिसेल एक लांब वळणारी भिंत. आणि पालखी वाल्ह्याला एक रात्र असते. २००० माणसांची पक्की बिल्डिंग उरलेल्या वर्षात काय करणार, त्या छोट्या गावाने तिची झाडलोट कशी करायची, याचं उत्तर तुझ्या शीटवर नाही, स्कोप चुकलाय तो इथे.

वारी कशी चालते ते आधी काढ. दिंड्यांना क्रमांक आहेत, पालखीच्या रथाच्या पुढच्या आणि मागच्या. प्रत्येक दिंडीचा ट्रक, स्वतःचा स्वयंपाक, स्वतःच्या राहुट्या. म्हणजे झोपायची सोय ते बरोबर घेऊनच येतात. मुक्कामाला त्यांना लागतं काय तर पाणी साचणार नाही अशी उताराची नीट केलेली जमीन, कारण आषाढीच्या आधीचे दिवस, पाऊस असतोच. पिण्याचं आणि आंघोळीचं पाणी. पुरेसे संडास, विशेषतः बायकांसाठी, आणि अंधारात तिथपर्यंत जायची उजेडाची वाट. ओलं धोतर-लुगडं वाळवायला छप्पर. पायाला फोड आलेत त्यांच्यासाठी मलमपट्टीची जागा. आणि संध्याकाळची समाजआरती, हजारो माणसं टाळ वाजवतायत आणि चोपदाराने चोप (हातातला दंड) वर केला की सगळं एकदम शांत होतं, त्या क्षणाला काय जमीन लागते, किती मोठी, कुठल्या उताराची, चोप शेवटच्या माणसाला दिसतो का. माझ्यासाठी तुझ्या थिसिसचं केंद्र हे आहे, आणि तिथे बिल्डिंग जवळजवळ नसेल.

मग बिल्डिंग मैदानाच्या कडेला येते, आणि ती गावाची असते. तेच पाण्याचे नळ आणि संडास वर्षभर आठवडे बाजार आणि शाळा वापरते, तेच छप्पर कांदा ठेवायला किंवा लग्नाला, आणि पालखीच्या रात्री ते वारीचं होतं. संडासाचं सांडपाणी हा तुझा सगळ्यात अवघड ड्रॉइंग असणार, एका रात्री हजारो माणसं आणि नंतर वर्षभर थोडी, एवढा फरक कुठलीही साधी सेप्टिक टँक झेलत नाही, त्यामुळे किती कायमचं बांधायचं आणि किती त्या दिवसापुरतं आणायचं हे आकड्यांसकट ठरव. ज्युरी यावर तासभर बोलेल आणि तुला बोलायला आवडेल.

एआयच्या इमेजचं थोडक्यात. इमेजमध्ये पाणी कुठे वाहून जातं ते नसतं, चढ किती आहे ते नसतं, आणि तुझ्या थिसिसमध्ये तेच सगळं आहे. व्ह्यू शेवटी काढ, हवं तर त्याची मदत घे, पण प्लॅन आणि सेक्शन झाल्यावर. त्याआधी वाल्ह्याला जा, मैदानाच्या लेव्हल्स घे, आणि पालखी आली होती तेव्हा पाणी कुठे साचलं होतं ते ग्रामपंचायतीत आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचार. तो नकाशावर बोट ठेवून दाखवेल.